निकाल ऐकायला डोंबिवलीला

वाचक मंडळी, प्रवासाची हकीकत सांगायला बसलं की आधी सांगावं लागतं, निघालो कशासाठी. माझं कारण ऐकून तुम्ही हसाल. पण हसून झालं की पुढं वाचा.

२०२५ चा पावसाळा. आमच्याकडं जुन्नर तालुक्यात कोथिंबीर काढणीला आलेली, पाऊस उघडीप देईना आणि जुड्या बांधायला माणूस मिळेना. अशात डोंबिवलीहून आक्काचा फोन आला.

"अरे बाळा, या आठवड्यात निकाल आहे. सवड काढून ये."

निकाल म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला. आमच्या घराला हा शब्द जरा जड जातो. त्याचं कारण पुढं येईल. मी विचारलं, "कसला निकाल? कुठल्या कोर्टातला?"

"मधुभाऊंचा रे! सुटतील बहुतेक."

मधुभाऊ आमच्या नात्यातले नव्हेत, भावकीतलेही नव्हेत. ते आहेत 'ठरलं तर मग' या मालिकेतले. तुमच्या घरात ही मालिका लागत असेल तर पुढच्या चार ओळी सोडून द्या. ज्यांच्याकडं त्या वेळेला म्हशीची धार काढायची असते त्यांच्यासाठी सांगतो. स्टार प्रवाह वाहिनीवर ५ डिसेंबर २०२२ ला ही मालिका सुरू झाली. सायली नावाची आश्रमात वाढलेली मुलगी. आश्रम चालवणारे मधुभाऊ तिला बापाच्या जागी. तिथं विलास नावाच्या माणसाचा खून होतो आणि आळ येतो मधुभाऊंवर. त्यांचा खटला अर्जुन सुभेदार या वकिलानं लढवावा म्हणून सायली त्याच्याशी कराराचं लग्न करते. कराराचं लग्न पुढं खरं होतं, हे काही सांगायला नको. सायलीचं काम जुई गडकरी करते, अर्जुनचं अमित भानुशाली. मूळ गोष्ट तमिळ आहे. २०१८ मध्ये तिकडं 'रोजा' नावाची मालिका सुरू झाली, तिच्यावरून ही बेतलेली.

आता यातली गंमत ध्यानात घ्या. खून कुणी केला हे बघणाऱ्याला माहीत आहे. साक्षी शिखरेनं केला. प्रियाला ते ठाऊक आहे आणि ती ते दडवून बसली आहे. माहीत नाही ते फक्त कोर्टाला. असा हा खटला अडीच वर्षांच्या वर चालला आणि आक्कानं त्यातला एक भाग चुकवला नाही.

"आक्का, कोथिंबीर टाकून मी टीव्ही बघायला येऊ?" मी म्हणालो.

"कोथिंबीर घेऊनच ये की. कल्याणच्या बाजारात दे आणि पुढं इकडं ये," ती म्हणाली. माझी आक्का हिशेबाला कधी चुकत नाही.

रात्री दहाला टेंपो भरून ओतूर सोडलं. मढ गेलं आणि माळशेजचं धुकं सुरू झालं. पावसाळ्यात या घाटात दिवसा शहरातली माणसं धबधब्याखाली भिजायला येतात. रात्री मात्र तिथं फक्त आपल्यासारख्यांच्या गाड्या असतात. टोमॅटोचे क्रेट, कांद्याच्या गोण्या, मेथी-कोथिंबीर. डोंगराचं पाणी रस्त्यावर पडतं ते सरळ टपावर आदळतं. ड्रायव्हर काच खाली करून, मान बाहेर काढून, बैलगाडीच्या चालीनं गाडी उतरवत होता. मोरोशी आली तेव्हा त्यानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "काका, कल्याणात गाडी खाली व्हायला दोन तास लागतात. मी तेवढ्यात फोनवर कालचा भाग बघून घेतो. साक्षीला आता पकडतील का हो?"

म्हणजे कोर्टाच्या निकालाला निघालेला मी एकटा नव्हतो.

टोकावडे, सरळगाव, मुरबाड अशी गावं मागं टाकत रायत्याला उल्हास नदी ओलांडली. मोठ्या पुरात पाण्याखाली जाणारा हा पूल. त्या रात्री पाणी पुलाच्या खाली होतं, पण आवाज भरून होता. शहाड आलं आणि पहाटेच्या तीनला कल्याणच्या बाजार समितीत पोचलो.

बाजाराचं वर्णन तुम्हाला काय सांगू! चिखल, दिवे, हमालांच्या आरोळ्या, आणि अंगाला अंग घासून उभ्या गाड्या. आमच्या कोथिंबिरीला शेकड्याचा भाव बरा मिळाला, पण खालच्या थरातल्या जुड्या घामेजल्या होत्या म्हणून अडत्यानं शंभरामागं दहा बाजूला काढल्या. हमाली-तोलाई वजा होऊन पट्टी हातात आली तेव्हा उजाडायला लागलं होतं. त्याच सुमाराला किरकोळ विक्री करणाऱ्या बाया येतात. टिटवाळा, अंबरनाथ, उल्हासनगर अशा ठिकाणांहून पहिल्या गाडीनं आलेल्या. एक ठसकेबाज बाई माझ्या बाजूला काढलेल्या जुड्या स्वस्तात मागत होती. आमचं घासाघीस चाललं असताना शेजारचीनं तिला हाक मारून विचारलं, "रात्रीचं बघितलंस का?" झालं! जुड्या राहिल्या बाजूला.

"त्या साक्षीला कोर्टात कशाला उभी करता," ती बाई म्हणाली, "आमच्या बाजारात आणा. चार बाया पुरे आहेत."

एक म्हातारा हमाल पाटी टेकवून उभा होता. तो म्हणाला, "माय, पोलिसाला सगळं कळतं. पण शेवटच्या भागात."

सगळे हसले. मी जुड्या तिला तशाच देऊन टाकल्या.

आक्काकडं संध्याकाळी जायचं होतं. दिवस मोकळा मिळाला होता. आधी कल्याण बघून घेतलं. हे गाव लोकांना जंक्शन म्हणून माहीत. एक फाटा कसाऱ्याला, एक कर्जतला. पण स्टेशनापासून खाडीच्या बाजूला चालत गेलात तर जुनं कल्याण लागतं. दुर्गाडी किल्ला आहे, खाडीचं गढूळ पाणी आहे, आणि सुभेदारवाडा आहे. मालिकेतल्या घराण्याचं आडनावही सुभेदारच! कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेची शिवाजी महाराजांच्या काळातली गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. आता रोज रात्री दुसऱ्या सुभेदारांच्या सुनेची गोष्ट चालते. योगायोग असेल, पण मला गंमत वाटली.

इथलं सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचं. वाचनालय म्हटलं की मला बाबूराव अर्नाळकर आठवतात. तुमच्यातल्या पन्नाशी-साठी ओलांडलेल्यांना वेगळं सांगायला नको. झुंजार, काळापहाड! हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं. आमच्या तालुक्याच्या वाचनालयातल्या त्यांच्या पुस्तकांची शेवटची पानं फाटलेली असायची. खुनी कोण ते कुणीतरी आधीच फाडून नेलेलं. मग आम्ही चार-पाच पोरं बांधावर बसून आपापला खुनी ठरवायचो. त्या गोष्टींचा सगळा जीव 'कोण?' या एका प्रश्नात असायचा.

तसा प्रश्न मराठी मालिकांनीही घालून पाहिला आहे. २०१६ मध्ये झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' आली. सावंतवाडीजवळच्या आकेरी गावातला नाईकांचा वाडा, एकामागून एक विचित्र घटना, आणि संशय घरातल्या प्रत्येकावर. अंधश्रद्धा पसरते, कोकणाची बदनामी होते म्हणून तिकडून विरोधही झाला. पण विरोध करणारे नि न करणारे दोघेही रात्री साडेदहाला दार लावून ती बघत होते. पुढं लोक आकेरीला तो वाडा बघायला गाड्या करून जायला लागले. आक्का तेव्हा आठ महिने जागली आणि शेवट झाल्यावर मला म्हणाली, "एवढं पेरलं आणि उगवलं काय? हराळी!"

अमेरिकेची गोष्ट तर याहून मोठी. तिथं 'डॅलस' नावाची मालिका होती, टेक्सासातल्या तेलवाल्या नि गुरांचा मोठा वाडा असलेल्या घराण्याची. २१ मार्च १९८० च्या भागात घरातला खलनायक जे. आर. याला कुणीतरी गोळी घातली, आणि तिथंच वर्ष संपवलं. त्यात नटांचा संप झाला. गोळी कुणी मारली ते कळायला २१ नोव्हेंबर उजाडला. आठ महिने जगभर एकच प्रश्न! इंग्लंडात लोकांनी त्यावर पैजा लावल्या. अमेरिकेत त्या रात्री आठ कोटींच्या वर माणसं टीव्हीपुढं होती. मेहुणीनं गोळी मारली होती, आणि जे. आर. मेलाही नव्हता.

सांगायचं म्हणजे, आक्काच्या मालिकेत यातलं काहीच नाही. खुनी पहिल्यापासून माहीत. मग अडीच वर्षं माणसं बघतात काय? हा प्रश्न घेऊन मी कल्याणहून ठाण्याची गाडी पकडली.

ठाणं म्हणजे आपल्या देशातल्या रेल्वेचं पहिलं टोक. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी इथंच येऊन थांबली. चौदा डबे, तीन इंजिनं, चारशेच्या आसपास पाहुणे. आज त्याच रुळांवरच्या गाडीत मला उभं राहायला दीड पावलाची जागा मिळाली. माझ्या छातीला टेकून एक वकिलाकडचा कारकून उभा होता. त्याच्या हातातल्या कागदांच्या गठ्ठ्यावरून मी ओळखलं आणि विचारलं, "काय हो, तुम्ही बघता का ती केस?"

"बायको बघते. मी शेजारी बसून रागावतो," तो म्हणाला. "खऱ्या कोर्टात वकील असे ओरडत नाहीत. ऐन वेळी दार ढकलून साक्षीदार आत येत नाही. आला तर साहेब त्याला बाहेर बसवतील. आणि वकील मिळावा म्हणून कुणी लग्न करतं का?"

त्याचं हे शेवटचं बोलणं मी मुद्दाम इथं लिहितो, कारण ते आपल्या उपयोगाचं आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणं कोठडीतल्या माणसाला, बायकांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, उत्पन्न कितीही असलं तरी, सरकारी खर्चानं वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. तिथं अर्ज करायचा. सायलीला हे कुणी सांगितलं असतं तर मालिका पहिल्या आठवड्यातच संपली असती, ही गोष्ट वेगळी.

ठाण्याला भाचा न्यायला आला होता. आक्काचा थोरला. सुतारकाम करतो, आणि अलीकडं घोडबंदर रस्त्याच्या बाजूला मालिकांचे सेट उभे करायच्या कामावर जातो. मला म्हणाला, "मामा, चला, तुम्हाला बंगला दाखवतो."

एका बाजूला येऊरचा डोंगर नि जंगल, दुसऱ्या बाजूला खाडी, मधून हा रस्ता. मानपाडा, कासारवडवली, ओवळा ही गावांची नावं पाट्यांवर अजून आहेत. भाताची खाचरं कुठं होती ते मात्र आता तीस मजली इमारतींच्या पायांना विचारावं लागेल. मराठी मालिकांचं बरंच चित्रीकरण या पट्ट्यात चालतं. आम्ही ज्या जागी गेलो ती मालिका वेगळी होती. भाच्याची नोकरी जायला नको म्हणून नाव लिहीत नाही.

बाहेरून गोदाम. आत शिरलो तर श्रीमंत घराचा दिवाणखाना! जिना वर जातो, पण वर काही नाही. भिंती प्लायच्या, मागून टेकू दिलेल्या, आपण गंजीला देतो तसे. छप्पर नाहीच. तिथं दिवे टांगलेले. अंगणात तुळस होती, मी सवयीनं पानाला हात लावला, तर प्लॅस्टिक. स्वयंपाकघरातल्या टोपलीत मात्र कोथिंबीर खरी होती. सकाळपासून दिव्यांखाली सुकून मान टाकलेली. माझा जीव तुटला.

एका कोपऱ्यात लाकडी कठडा उलटा करून ठेवला होता. भाचा म्हणाला, "हा आरोपीचा पिंजरा. कोर्ट लागलं की धुऊन पुसून उभा करायचा. मी केलाय." त्यानं तो सरळ करून दाखवला. खालून चाकं लावलेली. त्यावर हात ठेवून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "करताना बाबांची उंची धरली होती. आपोआपच. नटाला जरा मोठा होतो, खाली फळी टाकावी लागते."

मी काही बोललो नाही. वाचकहो, आता ते कारण सांगायला हवं.

आमचे दाजी गावाकडं एका लहानशा पतपेढीत कारकून होते. एका वर्षी हिशेबात अडतीस हजारांची खोट निघाली. सह्या दाजींच्या होत्या, किल्ली दुसऱ्याकडं होती. गुन्हा दाखल झाला दाजींवर. पैसे कुणी नेले हे गावात शेंबड्या पोराला ठाऊक होतं. पारावर ठाऊक होतं, डेअरीच्या रांगेत ठाऊक होतं. पण कोर्टात येऊन सांगायला कुणी तयार नव्हतं. ज्याला ठाऊक त्याचंही कर्ज त्याच पेढीत. नऊ वर्षं तारखा चालल्या. दाजींनी गाव सोडलं, डोंबिवलीला येऊन रात्रपाळीचा पहारेकरी म्हणून काम धरलं, आणि दर तारखेला रजा काढून घाट चढून येत राहिले. २०११ च्या उन्हाळ्यात एका पहाटे कामावरून परत आले ते छाती धरूनच.

आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला तिथंच बंद होतो. कायदा तसाच आहे आणि त्यात कुणाची चूक नाही. पण बंद होतो म्हणजे काय ते नीट समजून घ्या. दोषी असंही कुणी म्हणत नाही आणि निर्दोष असंही कुणी म्हणत नाही. आक्काच्या हातात एक कागद आला. त्यावर एवढंच की आरोपी मयत, प्रकरण बंद. तेव्हापासून आक्का गावच्या जत्रेला आली नाही.

ठाण्यात परत येताना भाच्यानं मला मासुंदा तलावावर नेलं. पाऊस थांबला होता. तलावाच्या काठी गडकरी रंगायतन, पलीकडं खाण्याच्या गाड्या, कठड्यावर पोरं-पोरी. कुणीतरी म्हातारा आपल्या बायकोला सांगत होता, "लवकर चल, साडेआठच्या आत घरी पोचायचंय." आम्ही दोघंही एकमेकांकडं बघून हसलो.

संध्याकाळच्या गर्दीच्या वेळेची डोंबिवलीची गाडी हे एक वेगळंच प्रकरण आहे. त्याच पावसाळ्याच्या तोंडाला, ९ जून २०२५ ला, मुंब्र्याच्या वळणाजवळ शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारातली माणसं खाली पडली आणि काहींचा जीव गेला. ते वळण आलं तसा डबा गप्प झाला. दारातल्या पोरांनी आतल्यांना घट्ट धरलं. दिवा गेलं आणि पुन्हा बोलणी सुरू झाली. डोंबिवलीत उतरलो तेव्हा माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, पण मी अख्खा होतो.

डोंबिवली आपल्याला नोकरदारांचं गाव म्हणून माहीत. फडके रोड, गणपतीचं देऊळ, दिवाळीच्या पहाटे तिथं जमणारी तरुण मंडळी, आणि गुढीपाडव्याची ती स्वागतयात्रा, जी इथंच सुरू होऊन पुढं साऱ्या महाराष्ट्रात गेली. आक्काचं घर त्या बाजूला नाही. पलीकडं, एका जुन्या तीन मजली इमारतीत, दीड खोल्यांचं. जिन्यात शिरताच तुम्हाला कळतं की इथं सगळ्यांच्या घरात एकच गोष्ट चालू आहे. पहिल्या मजल्यावर अर्धं वाक्य ऐकू येतं, दुसऱ्यावर ते पुरं होतं.

आक्कानं भाकरी आधीच करून ठेवल्या होत्या. भाचेसून कामावरून आली, पाय धुतले, आणि पदर खोचून बसली. शेजारच्या दोन बायका आल्या. एक म्हातारे गुरुजी आले. त्यांच्या घरी त्याच वेळेला नातू क्रिकेट लावतो म्हणे. आठ माणसं त्या खोलीत, आणि प्रत्येकाचं मत निराळं.

शेजारची थोरली म्हणाली, "खुनाचं जाऊ द्या हो. सायलीला तिचे खरे आईबाप कधी कळणार? तिची आई तिच्यासमोरून जाते नि ओळखत नाही, मला बघवत नाही." (सायली हीच किल्लेदारांची हरवलेली तन्वी, आणि प्रिया तिची जागा बळकावून बसली आहे, हे सांगायचं राहिलं.) धाकटी म्हणाली, ती दामिनी वकीलच तिला आवडते, हरली तरी बाई तोऱ्यात असते. क्षिती जोगनं ते काम केलं आहे. गुरुजींचं म्हणणं, एवढ्या वेळात खऱ्या खटल्यात नुसती साक्षीदारांची यादी झाली असती. भाचेसुनेला सगळं आधीच ठाऊक होतं. गाडीत कुणीतरी फोनवर दाखवलं होतं. तिनं तोंडावर हात ठेवला, "आत्ये, मी काही सांगणार नाही." ती आक्काला आत्येच म्हणते, लग्नाआधीपासून.

आक्का एक शब्द बोलली नाही. भिंतीला टेकून, गुडघे जवळ घेऊन बसली होती.

मग तो निकाल झाला. मंडळी, मी शेतकरी माणूस, दुपारीच प्लॅस्टिकची तुळस नि चाकांचा पिंजरा बघून आलेला. हे सगळं खोटं आहे हे माझ्याइतकं त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी न्यायाधीश वाचायला लागले तशी माझी बोटं चटईत रुतली. साक्षी दोषी ठरली. मधुभाऊ निर्दोष सुटले. शेजारणींनी टाळ्या वाजवल्या, गुरुजींनी चष्मा पुसला, वरच्या मजल्यावर कुणीतरी भांडं वाजवलं.

जाहिराती लागल्या. माणसं उठली. आक्का उठली नाही. ती सुनेला म्हणाली, "ते साहेब काय म्हणाले ते मला नीट ऐकू नाही आलं. परत लागतं का?"

उशिरा, सगळे गेल्यावर, सुनेनं फोनवर तो भाग लावून दिला. आक्कानं फोन कानाशी धरला. बघितलं नाही, फक्त ऐकलं. निर्दोष हा शब्द आला की ती बोटानं मागं सारायला सांगे. तीन वेळा ऐकलं. मग फोन परत देत म्हणाली, "एवढंच म्हणायचं होतं की. किती वेळ लागतो त्याला?"

भाचा खिडकीकडं तोंड करून उभा होता.

मी म्हणालो, "आक्का, गावात सगळ्यांना ठाऊक आहे."

"ठाऊक असायला काय, साक्षीचंही सगळ्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "जेव आता. भाकरी वाळल्या."

सकाळी उठलो तर ती नेहमीची आक्का झाली होती. चहा टाकता टाकता मालिकेला नावं ठेवत होती. खटला संपला, आता उगाच पाणी घालून वाढवतील, त्या प्रियाला पुन्हा कुठून तरी आणतील. "मग बघू नकोस," मी म्हटलं. "वा! तन्वीचं खरं बाहेर यायचंय की अजून," असं म्हणून तिनं मला कोथिंबिरीचा भाव विचारला आणि अडत्यानं दहा जुड्या काढल्या म्हणून त्याला चार शिव्या दिल्या.

त्याच आठवड्यांत, १६ ऑगस्टला, त्या मालिकेत पूर्णा आजीचं काम करणाऱ्या ज्योती चांदेकर पुण्यात गेल्या. आक्काचा मला पुन्हा फोन आला. या खेपेला मी नीट विचारून घेतलं, कोण गेलं म्हणून. ती दिवसभर जेवली नव्हती.

पण ते नंतरचं. त्या सकाळी मी कल्याणच्या एस.टी. स्टँडावर आळेफाट्याच्या गाडीत बसलो, तेव्हा आक्का सोडायला आली होती. हातात कापडी पिशवी. मला वाटलं खाऊ असेल. उघडून बघितलं तर दाजींच्या तारखांचे कागद, वकिलाच्या पावत्या, आणि वर तो शेवटचा, प्रकरण बंद झाल्याचा.

"इथं भिंतीला ओल येते," ती म्हणाली. "घरी माळ्यावर ठेव. कोरड्या जागी ठेव. आणि यंदा जत्रा कधी आहे ते कळव."